गाडी हलली की जागा गेली

चंडीगडहून मुल्लानपूरकडे जाताना सेक्टर संपून गव्हाची शेतं सुरू व्हायची, तिथे जुन्या आंब्यांच्या सावलीत एक मैदान होतं. भोवती काटेरी तारेचं कुंपण, पुढे लोखंडी फाटक आणि फाटकाला खेटून दोन खोल्या. त्या खोल्यांमध्ये भानुदास सपकाळ आणि त्याची बायको ज्योती राहायची. भानुदास मूळचा पुसेगावाकडचा. हवाई दलात सार्जंट म्हणून निवृत्त झाला तेव्हा शेवटची नेमणूक चंडीगडची होती. गावाकडे भावांनी जमीन कसायला घेतलेली. परत जाऊन त्यांच्यात ढवळाढवळ कशाला करायची, म्हणून तो इथेच थांबला आणि हरचरण सिंग नावाच्या सरदारजींच्या टूरिस्ट कॅम्पवर व्यवस्थापक म्हणून लागला.

व्यवस्थापक म्हणजे काय, तर फाटक उघडणारा, नळ दुरुस्त करणारा, जागा नेमून देणारा आणि संडास धुणाऱ्याच्या मागे लागणारा, सगळं तोच. पण त्या जागेचा त्याला रुबाब होता. सत्तरच्या दशकात विलायतेहून माणसं गाड्या हाकत थेट हिंदुस्थानात यायची. तुर्कस्तान, इराण, काबूल, लाहोर करत वाघा सीमेवरून अमृतसरला उतरायची आणि दिल्लीला जाण्याआधी दोन दिवस इथे अंग टाकायची. गाड्या तरी कसल्या! आत पलंग, शेगडी, बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. भानुदास त्यांना घरगाड्या म्हणायचा. संध्याकाळी आंब्यांखाली पाचसहा घरगाड्या लागल्या की मैदानात कुठे कॉफीचा वास, कुठे गिटार, कुठे बाळाचं रडणं. ज्योती खोलीच्या पायरीवर भाजी निवडत ते सगळं बघत बसायची आणि म्हणायची, "बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत्यात बघा. आपन बदलीला जायचो तवा ट्रंका मोजून मोजून जीव जायचा."

एवढी माणसं यायची म्हटल्यावर नियम आले. भानुदासने पत्र्याच्या पाटीवर ते हिंदी आणि इंग्रजीत स्वतः रंगवले होते. दिवेलागणीला फाटक बंद. नळावर साबण लावायचा नाही. एका जागेत एकच गाडी. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरात: गाडी हलली की जागा गेली.

या शेवटच्या नियमामागे मोठी मारामारी होती. एक फ्रेंच मंडळी सावलीतली जागा धरून गाडी घेऊन शहरात गेली, मागे दोन खुर्च्या ठेवून. तेवढ्यात आलेल्या इंग्रजांनी खुर्च्या उचलून गाडी लावली. संध्याकाळी फ्रेंच परतले आणि जी जुंपली, ती सोडवताना भानुदासचा शर्ट फाटला. त्या दिवसापासून नियम झाला. खुर्ची ठेवा, दोरी बांधा, काहीही करा, गाडी फाटकाबाहेर पडली की जागा मोकळी.

सगळ्यांनाच त्याचा जाच नव्हता. एकदा एक जर्मन कुटुंब आलं होतं, त्यांच्या भल्यामोठ्या घरगाडीमागे दांड्याने जोडलेली एक चिमुकली मोटार होती. घर आंब्याखाली ठेवायचं आणि चिमुकलीत बसून सेक्टर सतरात बाजारहाट करून यायचं. भानुदासने ती मोटार "एका जागेत एकच गाडी" म्हणून फाटकाबाहेर भिंतीलगत लावायला लावली आणि रोज पुसूनही घेतली. पण अशी ऐपत किती जणांची? बाकीच्यांना पावाची लादी आणायची झाली तरी अख्खं घर आवरावं लागायचं.

पुढे काबूलची वाट बंद झाली. इराणात गडबड सुरू झाली. मग पंजाबातच माणसं मारली जायला लागली. बसमधून उतरवून, दुकानात शिरून. रस्त्यांवर नाके आले. घरगाड्या आटल्या. हरचरण सिंग दिल्लीला ट्रकच्या धंद्यात गुंतलेले, त्यांनी कॅम्पकडे बघणंच सोडलं. मागच्या बाजूला, शेताच्या पलीकडे, त्यांची आई ट्यूबवेलजवळच्या घरात एका गड्यासोबत राहायची. तिला सगळे बीजी म्हणत. भानुदास महिन्याकाठी तिकडे जाऊन हिशेब सांगून यायचा. बीजी हिशेब ऐकायची नाही, लस्सीचा ग्लास पुढे करायची.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्याच्या शेवटी, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसताना, फाटकाशी एक मळकी पांढरी घरगाडी येऊन थांबली. स्टिअरिंगवर साठीच्या घरातला सावळा माणूस, शेजारी लालबुंद झालेली गोरी बाई. त्याने हिंदीत जागा मागितली. भानुदासने त्याला टोकाच्या मोठ्या आंब्याखालची जागा दाखवली. तो माणूस गाडी मागे घेऊ लागला, चाक आळ्यात उतरायला आलं आणि बाई खिडकीतून डोकं काढून ओरडली, "सावकाश! माधव, सावकाश!"

भानुदास जागच्या जागी थिजला.

"मेमसाब... तुम्ही आत्ता काय म्हणलात?"

माणूस ब्रेक दाबून खाली उतरला. "तुम्ही मराठी?"

"आवं, मी सातारचा!"

"मी राजापूरचा. माधव फणसे." त्याने भानुदासचे दोन्ही हात धरले ते सोडीचना. "अहो, कोकण सोडल्यावर इतक्या लांब कोणी अनोळखी माणूस मराठीत हटकेल असं वाटलं नव्हतं मला."

माधव फणसे तरुणपणी विलायतेला गेला होता. तिथे बस चालवली, डोरीनशी लग्न केलं. मूलबाळ नाही. नोकरी संपल्यावर जुनी घरगाडी घेऊन तो बायकोला राजापूर दाखवायला निघाला. हिवाळा कोकणात काढून आता अमृतसर, लाहोर करत, काबूल टाळून परत चालला होता. डोरीनला मराठीतले मोजके शब्द येत: सावकाश, पुरे, बसा, आणि माधवच्या आईने शिकवलेला "अगो बाई". ज्योतीने तिला खोलीत नेऊन पंख्याखाली बसवलं, कोकम नव्हतं म्हणून कैरीचं पन्हं दिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण तासाभराने दोघी हसताना ऐकू आल्या.

इथवर सगळं छान होतं. बिनसलं ते नियमावरून.

डोरीनला मधुमेह होता. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन लागायचं आणि त्या बाटल्या थंड ठेवाव्या लागायच्या. गाडीतला फ्रिज गॅसवर चालायचा, आणि सिलिंडर संपत आला होता. माधवला गॅसच्या शोधात शहरात जायचं होतं. त्यासाठी छत्री गुंडाळा, कपबश्या पेटीत घाला, खुर्च्या आत घ्या, पलंग दुमडा. निघताना त्याने पाटी वाचली.

"सपकाळ, आम्ही दोन तासांत येतो. जागा तेवढी राखा हं."

"फणसे साहेब, नियम सगळ्यांना सारखा हाय."

"अहो, पण इथे आहे कोण दुसरं?"

"कोन न्हाई तर मग जागा ऱ्हाईलच की."

हा युक्तिवाद भानुदासला स्वतःला फार पटला. पण त्याच दुपारी, वर्षभर न आलेली अशी एक कॉलेजची बस कसौलीहून परतताना आली. पोरांना हातपाय धुवायचे होते, डबे खायचे होते. ड्रायव्हरने बस सरळ मोठ्या आंब्याखाली लावली आणि भानुदासने नियमाप्रमाणे लावू दिली. माधव गॅस न मिळताच परतला, तेव्हा सावली गेलेली. घरगाडी उन्हात उभी राहिली, पत्रा तापून असा झाला की हात लावता येईना. डोरीन ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पायरीवर बसून राहिली. माधव तिचा टॉवेल पुन्हा पुन्हा भिजवून देत राहिला, आणि ते बघणं भानुदासला जड गेलं.

रात्री ताट वाढताना ज्योतीने आमटी वाढलीच नाही.

"आमटी?"

"आमटी हलली. जागा गेली तिची."

भानुदास कोरडी भाकरी खाऊन उठला. सकाळी बस कधीच निघून गेली होती. त्याने माधवची गाडी पुन्हा सावलीत लावून घेतली आणि आपली सायकल त्याच्या दाराशी नेऊन टेकवली. "बाजारहाटीला घर कशाला न्यायचं? ही घ्या. आनि रस्ता म्हाईत नसंल तर मीच जातो." त्या दिवसापासून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून सायकलवर येऊ लागली. संध्याकाळी दोघे पुरुष आंब्याखाली बसत. माधवची मराठी त्याने देश सोडला तेव्हाची होती, त्यात "आगबोट" होती, "बिनतारी संदेश" होता. भानुदासला ती ऐकून शाळेतल्या मास्तरांची आठवण व्हायची.

अमृतसरला निघायचं ते उद्या-परवावर चाललं होतं, आणि जूनच्या सुरुवातीला एका दिवसात सगळं थांबलं. पंजाबभर कर्फ्यू लागला. रेल्वे बंद, बस बंद, रस्त्यावर वाहन दिसलं तर गोळी घालू असा पुकारा करत जीप गेली. रेडिओवर अमृतसरचं नाव येत होतं आणि बाकी काहीच धड कळत नव्हतं. चंडीगड शेजारीच असूनही पृथ्वीच्या टोकाला गेल्यासारखं झालं. बर्फ बंद झाला. दुसऱ्या दिवशी वीज गेली ती परत आलीच नाही, आणि विजेबरोबर नळाचा पंपही गेला. टाकीत तळाला गढूळ पाणी उरलं.

गरम लू वाहत होती. पत्र्याच्या गाडीत डोरीन निपचित पडून असायची. माधव बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळायचा आणि फडकं घटकेत वाळायचं. ज्योती शेवटची घागर डोरीनच्या उशाशी घेऊन बसली होती.

"सपकाळ," माधव म्हणाला, "मी गाडी काढतो. हॉस्पिटलात नेतो हिला. गोळी घालायची तर घालू देत."

"गाडी रस्त्याला लागली तर नाक्यापतुर बी पोचायची न्हाई." भानुदास फाटकाच्या कुलपाकडे बघत होता. मग तो मागच्या कुंपणाकडे वळला. "थांबा. मी आलो."

तो तारेखालून सरपटत निघाला आणि कापणी झालेल्या शेतातून बीजीच्या घराकडे चालू लागला. अंगात हवाई दलातली जुनी खाकी पँट होती. अर्ध्या वाटेत ते त्याच्या ध्यानात आलं आणि पाय अडखळले. पण परत जायला वेळ नव्हता.

बीजी ओसरीवर खाटेवर बसली होती. पुढ्यात रेडिओ, तोही बंद. डोळे रडून रडून सुजलेले. तिने मान वर केली, आधी पँटीकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"फौजी," ती म्हणाली, "दरबार साहेबात तोफा नेल्या म्हणतात. खरं आहे?"

अमृतसरच्या सुवर्णमंदिराला ती दरबार साहेब म्हणे; ती पंजाबीत बोलत होती आणि तो हिंदीत. वीस वर्षं ज्या वर्दीचा अभिमान वाहिला ती आज या म्हातारीसमोर अंगावर आहे, याने तो शरमला की दुखावला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

"मला ठाऊक नाही, बीजी," तो म्हणाला. "मी विमानांची चाकं तपासायचो."

बीजीने पुढ्यातला रेडिओ बाजूला सारला. मग तिने विचारलं, "कशाला आलास?"

त्याने सांगितलं. कॅम्पवर एक बाई आजारी आहे. पाणी नाही. तुमच्याकडे डिझेलचं इंजिन आहे, ट्यूबवेल आहे, सावली आहे.

"आणि तू विचारायला आलास?" बीजी खाटेवरून उठली. "पुत्तर, तहानलेल्याला आणायचं असतं. विचारायचं नसतं."

भानुदास पळतच परतला. पेटीतून पक्कड काढली आणि इतकी वर्षं ज्या कुंपणाची एकेक तार तो ताणून ठेवत आला होता ते त्याने स्वतःच्या हातांनी कापलं. माधवने गाडी चालू केली. ज्योती आत डोरीनचं डोकं मांडीवर घेऊन बसली. कडक झालेल्या ढेकळांवरून घरगाडी डुलत, कण्हत निघाली, आतल्या कपबश्या खडखडत होत्या, आणि भानुदास विमानाला धावपट्टीवर आणावं तसे हात हलवत पुढे उलटा चालत होता. मध्ये पाण्याचा पाट आडवा आला. बीजीच्या गड्याने गोठ्याचं दार बिजागरीतून उपटून आणलं, भानुदासने आपल्या स्टोअरचं आणलं. दोन्ही दारं पाटावर टाकली. चाकं चढली, लाकूड कडकडलं, आणि आतून क्षीण आवाज आला, "सावकाश..."

तशाही वेळी माधव हसला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ट्यूबवेलपाशी मोठं शिसवीचं झाड होतं. इंजिन धडधडू लागलं, मनगटाएवढी थंडगार धार हौदात पडू लागली. बायकांनी डोरीनला हौदाच्या काठावर बसवून डोक्यावरून पाणी घातलं. इन्सुलिनच्या बाटल्या बीजीने नव्या मडक्यात ठेवल्या, ते मडकं ओल्या वाळूत पुरून पंपाच्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. गावातला कंपाउंडर शेतातून लपत आला, तपासून म्हणाला की धोका टळला आहे, फक्त ऊन लागू देऊ नका.

माधवने गाडीतली शेगडी बाहेर काढली तशी बीजी काठी आपटत आली.

"इथे चूल एकच पेटते. पंगतीत बसायचं."

"बीजी, तुम्हाला त्रास—"

"माझ्या जागेत माझा कायदा," बीजी म्हणाली. भानुदासने मान खाली घालून हसू लपवलं.

कर्फ्यूच्या त्या दिवसांत एकदा लष्कराची जीप शेतात शिरली. परदेशी नंबरची, पडद्यांची गाडी शीख म्हातारीच्या शेतात उभी, संशय यायचाच. जवान गाडीला घेरून उभे राहिले. तरुण अधिकाऱ्याने माधवला हात वर करायला लावले. भानुदास पुढे झाला, टाचा जुळवल्या आणि आपला नंबर, हुद्दा, युनिट खणखणीत सांगितलं.

"हे लोक इथे कसे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी आणले, साहेब. कॅम्पवर पाणी नव्हतं. बाईंचा जीव जात होता."

"आणि या आजीबाईंनी ठेवून घेतलं?"

"हो साहेब. न विचारता."

अधिकाऱ्याने बीजीकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, हातातल्या परातीत कणीक मळत होती. जवानांनी गाडीतले पलंग उलटेपालटे करून पाहिले. काही सापडलं नाही. जाताना एका जवानाने हौदाकडे बघून ओठांवरून जीभ फिरवली. बीजीने गड्याला हाक मारली, "पाणी दे त्यांना." तिचे हात कणकेतच होते. जवान ओंजळीने पाणी प्यायले. ज्योती नंतर म्हणायची, तेवढ्या शांतपणे पाणी पिताना मी माणसं कधी बघितली न्हाईत.

कर्फ्यू सैल झाला, पण परदेशी लोकांना पंजाबातून जायची परवानगी मिळेना. माधवने हेलपाटे घातले आणि शेवटी नाद सोडला. मुंबईला जायचं, गाडी आगबोटीवर चढवायची असं ठरलं. भाताची लावणी तोंडावर आली होती, शेतात पाणी सोडायचं होतं, आणि बीजी त्यांच्यापायी ते लांबवत होती. हे कळलं तसं डोरीनने स्वतःच सामान आवरायला घेतलं.

निघायच्या सकाळी बीजीने तिला पिन्न्या, म्हणजे तुपात भाजलेल्या कणकेचे गोड लाडू, द्यायला घेतल्या, मग आठवलं तशा परत घेऊन त्याऐवजी भाजलेले चणे दिले. डोरीनने तिला मिठी मारली आणि सगळे उरलेले शब्द एकदम वापरले: "अगो बाई, पुरे, बसा." ज्योती रडता रडता हसायला लागली. माधव भानुदासला म्हणाला, "राजापूर बघायला म्हणून निघालो होतो. तिथं घरी नेऊन जेवू घातलं सगळ्यांनी. पण सपकाळ, माझ्यासाठी कुंपण कापलंत ते तुम्ही." त्याने टायर लाथेने दाबून बघितले आणि हवा बरोबर आहे म्हणाला.

नंतर कॅम्पवर घरगाडी आली नाही. गवत वाढलं, नळ गंजले. त्या नोव्हेंबरात दिल्लीहून शिखांच्या कत्तलीच्या बातम्या येऊ लागल्या आणि हरचरण सिंगांचा ठावठिकाणा लागेना, तेव्हा भानुदास आणि ज्योती वळकटी घेऊन बीजीच्या ओसरीवर झोपायला गेली. कोणी बोलावलं नव्हतं. मुलगा सुखरूप घरी येईतोवर ती दोघं तिथेच होती. हरचरण सिंगांनी पुढे कॅम्प बंद केला. भानुदासने सेक्टर तीसमधल्या एका सरकारी प्रयोगशाळेत सुरक्षारक्षकाची नोकरी धरली, शहराला लागूनच्या पंचकुल्यात भाड्याचं घर घेतलं. रस्त्यावर गोळीबार झाल्याच्या बातम्यांची लोकांना सवय झाली होती. पण रविवारी बस बदलत बदलत दोघं बीजीकडे जायची, जमेल तशी.

बीजी गेली ती ऐन थंडीत. तिच्या नावाने ठेवलेला ग्रंथपाठ संपला, त्या भोगाच्या दिवशी गावचा गुरुद्वारा माणसांनी भरला होता. भानुदास डोक्याला रुमाल बांधून मागे, चपलांच्या जवळ बसला. हरचरण सिंगांनी त्याला शोधून काढलं, दंडाला धरून पुढे नेलं आणि आपल्या चुलतभावांच्या रांगेत बसवलं. अरदासची प्रार्थना झाली. भानुदासला त्यातले शब्द सगळे कळले असं नाही. लंगरच्या मागच्या अंगणात ज्योती बायकांबरोबर पोळपाटावर रोट्या लाटत होती. एका नव्या सुनेने तिला विचारलं, तुम्ही यांच्या कोण?

ज्योतीने हातातली रोटी तव्यावर टाकली. "शेजारीण," ती म्हणाली, आणि पुढचा गोळा घेतला.